७ मार्च, रात्री

उद्या महिला दिन, ऑफिसात जांभळी साडी नेसून यायचं, ग्रुपवर फर्मान निघालंय. केकही आहे. पण आज पर्पेतुआ या ख्रिस्ती हुतात्मा बाईचा दिवस, आणि गेली काही वर्षं या तारखेला मी तिची रोजनिशी पुन्हा काढून बसते. मोजकी पानं आहेत, तासाभरात संपतात.

इ. स. २०३, कार्थेज, म्हणजे आजच्या ट्यूनिसला लागून. विबिया पर्पेतुआ बाविशीची, चांगल्या घरातली, शिकलेली. अंगावर पिणारं मूल. ख्रिस्ती व्हायची तयारी चालली असतानाच पकडली गेली. ख्रिस्ती बाईनं स्वतः लिहिलेलं, आज हाती असलेलं सर्वांत जुनं लिखाण बहुधा हेच.

सुरुवातीच्या पानांत धर्माइतकंच दूध आहे. कोठडीतला काळोख, गर्दीची उकड, शिपायांची दमदाटी आणि भुकेनं मलूल झालेलं बाळ. ख्रिस्ती मंडळीतल्या दोघा सेवकांनी पैसे चारून तिला काही तास बऱ्या जागी हलवलं, तेव्हा कुठे तिनं त्याला पाजलं. पुढे बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली, तर तुरुंग एकदम राजवाडा झाला म्हणते. रिंगणात जनावरांपुढे टाकायची शिक्षा झाल्यावर मात्र तिचा बाप मूल देईना. त्यावर तिची नोंद अशी, की बाळानं पुन्हा दूध मागितलं नाही आणि माझी छातीही सुजली नाही. माझ्या लेकाचं अंगावरचं तोडलं तेव्हा माझी छाती दगड झाली होती, आई मोगऱ्याची फुलं बांधत होती. अठराशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या पुरुषाला हे लिहायचं सुचलं असतं?

नवऱ्याचा तर उल्लेखच नाही. अभ्यासक त्यावर तर्क लढवतात, मला ते वगळणं आवडतं. बाप मात्र श्रद्धा सोड म्हणत पुन्हा पुन्हा येतो, हात चुंबतो, पाया पडतो, मुलगी म्हणायचं सोडून ‘बाईसाहेब’ म्हणतो. ज्या रोमन घरात बापाचा शब्द शेवटचा, तिथं! ती समोरचं भांडं दाखवून विचारते, याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल का? तशीच मी ख्रिस्ती.

तिचा भाऊही तिलाच सांगतो, देवाला विचार, आपलं काय होणार. या कैद्यांचा शिक्षक सातुरस, त्याच्या स्वप्नात तर बिशप त्याच्या आणि पर्पेतुआच्या पाया पडून ‘आमचं भांडण मिटवा’ म्हणतो. आणि याच शहरात, याच सुमारास तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहीत होता की बाईनं सभेत बोलू नये, शिकवू नये, बाप्तिस्मा देऊ नये. इतका चिडलाय, म्हणजे बाया ते करतच असणार.

तरी शेवटच्या स्वप्नात लढायला उतरताना ती लिहिते, ‘मी पुरुष झाले’. या ओळीशी माझं दरवर्षी भांडण होतं.

यंदा फेलिसितासनं जास्त छळलं. ती पर्पेतुआसोबत पकडलेली गुलाम, आठवा महिना चालू. गरोदर बाईला मारायचं नाही असा कायदा, म्हणून तिला भीती कसली, तर आपण एकट्याच मागे राहू याची. तुरुंगातच बाळंत झाली. कळांनी विव्हळत होती तर पहारेकरी हिणवतो, मग जनावरांपुढे काय करशील? तिनं दिलेलं उत्तर सगळे सांगतात, पण ते टिपलंय दुसऱ्याच कुणीतरी. पर्पेतुआच्या स्वतःच्या पानांत फेलिसितासचं नाव एकदाही येत नाही. तुरुंग तोच, सण दोघींच्या नावाचा एकच, पण लेखणी एकीच्याच हातात.

रानटी गायीनं दोघींना उडवलं तेव्हा पर्पेतुआ उठली, फाटलेला अंगरखा सारखा केला, केसांत आकडा खोवला आणि चिरडलेल्या फेलिसितासला हात देऊन उभं केलं. हेही तिसऱ्याच्या हातचं. फेलिसितासच्या मुलीबद्दल एकच ओळ आहे. मंडळीतल्या एका बहिणीनं तिला लेक म्हणून वाढवलं. नाव ना त्या बहिणीचं, ना मुलीचं.