ब्रिज मोड: अखेर बँकेचं पान उघडलं

ओएनटी (केबलवाल्याचा फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद केलं, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन होणारं लॉगिन) ओपनडब्ल्यूआरटीवर, म्हणजे आपल्या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरवर घेतलं, व्हीलॅन आयडी (लाइनचा खूण-क्रमांक) भरला आणि आयपी थेट आपल्या राउटरवर उतरला. डबल नॅटची, म्हणजे दोन राउटरनी दोनदा पत्ते बदलण्याची पीडा गेली! पण लगेच नवीन डोकेदुखी: यूट्यूब सुसाट, आणि बँकेची साइट मात्र गोल गोल फिरत बसलेली.

केबलवाल्याचं ठरलेलं उत्तर: "सर, स्पीड टेस्ट मारा, स्पीड येतोय ना?" येतोय हो, तोच तर वैताग आहे.

डीएनएस बदलून झाला, फायरवॉल तपासून झाली. शेवटी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावला. जोडणी सुरू करणाऱ्या हँडशेकची बारकी पॅकेटं नीट येत-जात होती, पण सर्व्हरकडून सर्टिफिकेटचं पहिलं भरगच्च पॅकेट यायचंच नाही. यूट्यूब क्विक या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, त्याची पॅकेटं मुळातच लहान, म्हणून ते सुटत होतं. म्हणजे घोळ एमटीयूचा, एका पॅकेटच्या कमाल आकाराचा! पण नेहमीच्या १५००मधून पीपीपीओईचे ८ बाइट वजा करून १४९२ तर होतंच, एमएसएस क्लॅम्पिंगही (पॅकेटमधल्या डेटाला त्यानुसार मर्यादा घालणं) चालू. विंडोजवरून पिंग -एफ -एल १४६४ (पॅकेट न तोडता १४६४ बाइट पाठवणं) मारलं, उत्तर नाही. आकडा उतरवत गेलो, १४५२ला पहिलं उत्तर आलं. त्यात हेडरचे २८ मिळवा: १४८०. पलीकडे मधेच कुणीतरी १२ बाइट खातंय, वर 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपीचा निरोपही गिळतंय.

गंमत पुढे आहे. ओएनटीच्या जुन्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढून पाहिले, तर तिथे एमटीयू १४८०च भरलेला! म्हणजे केबलवाल्यांना ठाऊक होतं. व्हीलॅन आयडी सांगताना हे सांगायला काय जात होतं? इंटरफेसवर १४८० टाकलं, एमएसएस १४४० झाला, पान टचकन उघडलं.

माळ्यावरचा पीसी १०० एमबीपीएसवर अडकायचा, तेही सुटलं. 'प्युअर कॉपर' छापलेली केबल ब्लेडनं खरवडली तर आत पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवीन आणली, दुकानातच खरवडून. चारही जोड्या लागल्या आणि गिगाबिटचा दिवा पेटला. सीसीए (वर तांब्याचा थर, आत अ‍ॅल्युमिनियम) केबल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पुढचा नंबर पाय-होलचा (घरभर जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) होता, पण लिहिता लिहिता सुचलं: लॅन आता १९२.१६८.१०.१ वर आहे, तर वॅन पोर्टवर १९२.१६८.१.२ चा जोड-इंटरफेस काढून ओएनटीचं सेटिंगचं पान पुन्हा गाठता येईल. आज तेच करतो. पावसात लाइन गेली की केबलवाल्यांना फोनवर थेट डीबीएमचा (फायबरमधल्या सिग्नलच्या ताकदीचा) आकडा वाचून दाखवायचा, उणे २७च्या खाली गेला तर बोलायला जागाच नाही त्यांना.