तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांचं नाव शोधायला आठ दिवस का लागतात

"साहेब, एक पान तर बघायचंय, त्याला आठ दिवस कशाला?" कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या, मोठ्या सरकारी हायस्कुलाच्या खिडकीत क्लार्कला हे रोज ऐकावं लागतं. मग आवाज जरा उतरतो आणि दुसरा प्रश्न येतो: "तेवढी जात दुरुस्त करून मिळंल का?" दोन्हींची उत्तरं एकदाच देतो.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची नोंद असलेलं मूळ रजिस्टर, आडनावावर लावलेलं नसतं, प्रवेशाच्या क्रमावर असतं. जो आधी आला त्याचा नंबर आधी. त्यामुळं आजोबा मॅट्रिक कधी झाले ते सांगून काम भागत नाही. शाळेत नाव कधी घातलं ते हवं. ते माहीत नसलं की अंदाजाच्या वर्षाच्या मागची तीन आणि पुढची तीन वर्षं ओळीनं वाचायची. आडनावाचा घोळ वेगळाच. घरात आज 'पाटील' लावतात, रजिस्टरात मूळ आडनाव असतं, किंवा नुसतं पोराचं आणि बापाचं नाव. म्हणून येताना पूर्ण नाव, मूळ गाव आणि शाळेत असलेल्या भावांची नावं लिहून आणा. नुसतं 'पाटील, करवीर तालुका' एवढ्यावर कुणाचाच शोध लागत नाही.

त्यातून नोंद मोडी लिपीत असली तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, लेखणी उचलायची नाही अशा चालीनं लिहिलेलं असतं. ते जाणकारानंच वाचायचं. पानं कडक झालेली असतात. रजिस्टर उलटं दाबून झेरॉक्स काढली की शिवण उसवते, आणि पुढच्या माणसाचं पान सुटं होतं. खिडकीजवळच्या उजेडात, पान सपाट ठेवून फोटो काढावा. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही, आणि जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत कागद आणि शाई बघायची असते.

२०२३ चा हिवाळा मात्र या खिडकीनं कधी पाहिला नव्हता. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम आधी मराठवाड्यापुरतं होतं. ते राज्यभर झालं आणि कुणबी नोंदींसाठी शाळांची जुनी रजिस्टरं पहिल्या पानापासून उघडावी लागली. कुणबी ओबीसीत येतात, आणि ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीच्या नोंदीला वजन. (अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. लोक तिन्ही तारखांची गल्लत करतात.) जातीच्या रकान्यात 'कुणबी' लिहिलेलं असतं, कुठं 'कु.', कुठं 'कुळवाडी', कुठं 'मराठा', कुठं रकाना कोरा. सख्ख्या दोन भावांत थोरल्यापुढं एक आणि धाकट्यापुढं दुसरं, असंही निघतं. त्यात लबाडी नसते. बापानं जे सांगितलं, किंवा मास्तरांना जे वाटलं, ते लिहिलं गेलं. थोरल्याच्या वंशजांच्या हातात पुरावा येतो, धाकट्याचे वंशज रिकामे जातात. चुलत्याची नोंद चालते म्हटलं, तर नातं दाखवणारी वंशावळ आणि तिला महसुली कागद जोडावे लागतात. आणि हायस्कुलात नाव नाही म्हणून कुणी चिडत असेल तर ऐका: त्या पिढीतले बहुतेक इथवर पोचलेच नाहीत. आधी गावातल्या प्राथमिक शाळेत जा, तिथंच पहिली नोंद असते. आजीचं नाव सापडलं तरी पडताळणीत बापाकडचंच रक्तनातं धरतात. याचा मला रागच आहे, पण नियम माझा नाही.

आता दुसरा प्रश्न. नाही, मिळत नाही. मुलगा शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर फक्त लिखाणातली उघड चूक, तीही पुरावा आणि मंजुरी घेऊन. १ जून ही जन्मतारीख निम्म्या वर्गाची असायची, कारण जूनला शाळा, आणि गुरुजींना वय जुळवायचं असायचं. सगळ्यांना ठाऊक असलेली ही थाप आज कायद्यानं खरी जन्मतारीख आहे. हसू येतं, पण बदलत नाही. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात, म्हणजे जात पडताळणी समितीकडं, तुमचं प्रकरण गेलं आणि समितीला शंका आली की तिचं दक्षता पथक मूळ रजिस्टर बघायला येतं. शाई, हस्ताक्षर, वरची-खालची ओळ जुळते का बघतं. एका नोंदीवर ब्लेड फिरलं तर त्या पानावरच्या बाकीच्यांच्या नोंदींवरही शंका येते. दयेपोटी कुणाची एक ओळ सुधारली की शेजारच्या ओळीतल्या घराचा दाखला अडकतो, आणि त्या घराला याचा पत्ताही नसतो.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचो, रजिस्टर शाळेचं आहे, बाहेर द्यायचं नाही. आता वाटतं, सगळ्या पानांचे फोटो काढून लोकांपुढं ठेवावेत, रांग तरी संपेल. पण त्याच पानावर कुणाच्या तरी बापाचा धंदा आहे, कुणाचं 'फी न भरल्यामुळे नाव कमी' आहे. ते गल्लीनं वाचावं का? सकाळी मला एक पटतं, खिडकी बंद करताना दुसरं.

तोवर अर्जात नाव घातल्याचं वर्ष, गाव आणि भावांची नावं लिहा, आणि मोडीची शंका असेल तर तसं आधीच सांगा.