तुम्ही विचारलंत म्हणून : रांगेतली मुलगी आणि गुंठ्यातलं घर

आमराईत सकाळी फिरायला येणारी मंडळी, जुने पक्षकार, पाहुणेरावळे, सगळे मला एकच विचारतात. “तुमची लेक तिकडं अमेरिकेत कायम राहायच्या परवान्यासाठी इतकी वर्षं कायद्यानं रांगेत उभी आहे आणि बाकीचे चोरून शिरून राहिलेत. त्यांना बाहेर काढायला नको? का लाखोंनी मोडला म्हणून कायदाच सोडून द्यायचा?” 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानानं 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं, तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी सांगलीत 32 वर्षं दस्तलेखक होतो. सगळ्यांनी मिळून मोडलेला कायदा कसा असतो, ते मला गुंठेवारीनं शिकवलं.

1947 चा तुकडेबंदी कायदा चांगल्या हेतूनं झाला होता. शेताच्या चिंध्या होऊ नयेत, म्हणून ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून दुष्काळाला कंटाळून आलेला माणूस कुपवाडच्या कारखान्यात नाहीतर मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांखाली राबायचा. एनए म्हणजे रीतसर बिगरशेती केलेला प्लॉट त्याच्या सात पिढ्यांना झेपला नसता. शहराच्या कडेचा शेतकरी मग गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडायचा, हीच गुंठेवारी. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. रीतसर खरेदीदस्त नोंदवता येत नव्हता, म्हणून स्टॅम्पवर करार, नोटरी, दोन साक्षीदार. असे कागद मी किती लिहिले याला मोजदाद नाही. दर वेळी सांगायचो, “बाबा, सातबाऱ्याला नाव लागणार नाही.” समोरचा म्हणायचा, “ठाऊक आहे हो. पण डोक्यावर पत्रा तर येईल.”

त्यात शेतकऱ्याला पैसा मिळाला, मध्यस्थाला कमिशन मिळालं, मला लिहिणावळ मिळाली, शहराला स्वस्त हात मिळाले. पुढं घराला विजेचं मीटर बसलं, घरपट्टीची पावती आली, मतदार यादीत नावं चढली. आणि घर पाडायची भाषा निघाली की भीती फक्त त्या पत्र्याखाली झोपणाऱ्यानं बाळगायची. इतक्या जणांनी मोडलेल्या कायद्याची शिक्षा एकट्याच्या वाट्याला, हे मला तेव्हाही टोचायचं.

अमेरिकेचं वाचताना मला तोच जुना कागद दिसतो. 2022 साली तिथं बिनकागदाची माणसं सुमारे 1 कोटी 10 लाख असल्याचा अंदाज होता. पिकांवर राबणाऱ्या मजुरांत त्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आहे. 1986 च्या कायद्यानं अशांना कामावर ठेवणं बेकायदा ठरवलं खरं, पण मालकानं ‘जाणूनबुजून’ ठेवलं हे सिद्ध व्हायला हवं. दाखवलेला कागद वरवर खरा वाटला की मालक सुटला. ‘जाणूनबुजून’ या एका शब्दात किती जण निसटतात, ते कोर्टाच्या आवारात आयुष्य काढलेल्याला सांगायला नको. म्हणजे सरहद्दीवर पहारा आणि मळ्याच्या फाटकाशी स्वागत, असं चाळीस वर्षं चाललं आहे.

आता रांगेचं. मुलीनं मला हे फोनवर समजावलं. नोकरीच्या आधारानं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डं, म्हणजे कायम राहायचे परवाने, मिळतात आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली 7 टक्क्यांहून जास्त सहसा मिळत नाहीत. भारत केवढा, तरी तेवढीच. त्यामुळे तिच्या रांगेत 2025 मध्ये 2012-13 च्या अर्जांचे नंबर लागत होते. मी चिडून म्हणालो, “आणि हे लोक तुझ्यापुढं घुसतात!” ती म्हणाली, “बाबा, ते माझ्यापुढं घुसत नाहीत. आमच्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या बाईसारख्यांना रांगच नाही.” मग तिनं सांगितलं, बिनकौशल्याच्या कामासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10 हजार कार्डं. शेतीचा हंगामी व्हिसा आहे, पण हंगाम संपला की तोही संपला. हे ऐकल्यावर मी रात्रभर तळमळत होतो. ‘रांगेतून या’ असं मीच इतकी वर्षं लोकांना सांगत होतो.

आमच्या खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं आठवा. पाऊस नाही, पीक नाही, म्हणून सोनंचांदी गाळायची भट्टी घेऊन ती देशभर पांगली. राज्यघटनेनं त्यांना कुठंही जायची मुभा दिली होती. प्रत्येक राज्याच्या वेशीवर व्हिसा लागला असता आणि तो मिळायला पन्नास वर्षं लागली असती, तर ती घरात उपाशी बसली असती का?

म्हणून कायदाच नको, असं मी म्हणत नाही. माझे एक शेजारी निवृत्त शिक्षक. त्यांनी फंडाचे पैसे ओतून विश्रामबागेकडं एनए प्लॉट घेतला, वर कर्ज काढलं. 2001 साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, 1 जानेवारी 2001 पर्यंतची घरं पैसे भरून कायदेशीर होऊ लागली, तेव्हा ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “मग मी कायदा पाळला ते चुकलंच म्हणायचं.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तेच वाक्य मला सगळ्यात जड गेलं. पुढं 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकली. अमेरिकेतही 1986 च्या कायद्यानं सुमारे 27 लाख लोक कायदेशीर झाले आणि कामाला रीतसर दार न उघडल्यानं नवे लाखो तसेच येऊन राहिले. एकदा माफी दिली की लोक पुढच्या माफीची वाट बघतात, हा आक्षेप खरा आहे. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे.

काही ठिकाणी तर माफी द्यायलाच नको होती. ओतात, म्हणजे पुराचं पाणी शिरतं त्या सखल जागेत, नाल्यावर बांधलेली घरं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा त्या घरांत काय झालं ते सांगलीकराला सांगायला नको. जिथं कायदा जीव वाचवतो तिथं तो राबवलाच पाहिजे, आणि तोही पाया खणायच्या दिवशी. वीस वर्षं घरपट्टी घेऊन मग बुलडोझर आणायचा, हे कायदा राबवणं नव्हे. तिकडंही काल वेस ओलांडलेल्याला परत पाठवा, माणसं नेणाऱ्या दलालाला तुरुंगात घाला, मारहाण-दरोडे करणाऱ्याला हाकला. माझी काही हरकत नाही. पण पंधरा वर्षं राबून पोरं शाळेत घातलेल्या माणसाला पहाटे दारातून उचलायचं आणि त्याला राबवून घेणाऱ्या मालकाला नमस्कार करायचा, हे मला पटत नाही. शिवाय तो परत जाऊन रीतसर येऊ म्हणेल, तर 1996 च्या कायद्यानं तीही वाट अडवली आहे. वर्षभर किंवा जास्त बिनकागदाचा राहून देश सोडला की दहा वर्षं परत यायला बंदी. मग तो जाईल कशाला?

आणि कागद तपासून माणसं वेगळी करणं किती अवघड, ते दस्त लिहिणाऱ्याला विचारा. एकाच बाईचं नाव माहेरच्या उताऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. एका वेलांटीपायी वारसनोंद वर्षानुवर्षं अडलेली मी पाहिली आहे. आसामात 24 मार्च 1971 ही तारीख धरून नागरिकांची नोंदवही (एनआरसी) झाली आणि 2019 च्या अंतिम यादीबाहेर 19 लाखांवर माणसं राहिली. त्यातले किती परके आणि किती नुसते कागदात कच्चे, हे वेलांटीवरून ठरवायला माझा तरी हात धजावला नसता.

तेव्हा माझं उत्तर असं. कायदा राबवा, पण वरच्या टोकाकडून. आधी राबवून घेणारा मालक, मग दलाल. कामाला माणसं लागतात तर रीतसर दार उघडा. जुन्यांकडून दंड घ्या, थकलेला कर घ्या, आणि त्यांना रांगेच्या शेवटी उभं करा. हे माझं स्वप्नरंजन नाही. 2013 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सिनेटनं जवळपास असंच विधेयक 68 विरुद्ध 32 मतांनी मंजूर केलं होतं. आधीपासून रांगेत असलेल्यांचे नंबर आधी, असंही त्यात होतं. खालच्या सभागृहात ते मतदानालाच आलं नाही. मुलगी त्याच वर्षी तिकडं गेली. तिचा अर्ज अजून रांगेत आहे.

हे सगळं मी परवा त्या शिक्षकांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मुलीचा नंबर आधी, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. 2001 साली माझा विचार कुणी केला नव्हता.” मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही आमराईला आणखी एक फेरी मारली.