पीएफटी झोपवून करून घेताना

बाबांची शुगर जुनी, तळपाय केव्हाचे सुन्न. चालताना धाप बेताचीच, पण पाठीवर टेकले की दोन मिनिटांत उठून बसायचे. एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको तालुक्याला, यवतमाळला झाले. हृदय ठीक निघालं. इको टाळू मात्र नका, जुन्या शुगरमध्ये छाती न दुखताही अटॅक येतो, नुसता दम लागतो.

अडलं ते नागपूरला, पीएफटीच्या (नळीत फुंकून फुप्फुसं तपासतात ती) खोलीत. मानेतून निघणारी फ्रेनिक नस डायफ्राम, म्हणजे श्वासाचा पडदा हलवते. शुगरने तीही जाऊ शकते. पडदा लुळा पडला की बसून निभतं, आडवं झालं की पोट त्याला वर ढकलतं. म्हणून आधी बसून आणि मग पाठीवर झोपून, दोन्ही वेळा फुंकून बघावं लागतं. चिठ्ठीवर होतं नुसतं ‘पीएफटी’. टेक्निशियन म्हणे, ‘इथं बसूनच होते, काका.’ खोलीत कॉट नाही, फॉर्मवर झोपून आलेल्या आकड्याला रकाना नाही. उलट दम्याचा पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं. चिठ्ठी बदलून आणेपर्यंत ओपीडी बंद, म्हणजे पुन्हा एसटी. तेव्हा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या: ‘एफव्हीसी, बसून व सुपाइन.’ शिक्क्यासकट. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकलेली एकूण हवा, सुपाइन म्हणजे पाठीवर झोपून. बसून आलेल्या आकड्यापेक्षा झोपून आलेला १० टक्क्यांपर्यंत कमी असला तर चालतं. ३० टक्क्यांहून जास्त उतरला तर पडदा दोन्ही बाजूंनी कमजोर असल्याचा दाट संशय. बाबांचा तसाच उतरला. तोवरचे पंप फुकट गेले.

एक्स-रेवर भिस्त ठेवू नका. एकच बाजू गेली तर ती वर चढलेली दिसते. दोन्ही गेल्या तर ‘पेशंटने श्वास नीट घेतला नाही’ एवढाच शेरा येतो. सोनोग्राफीत पडदा हलताना दिसतो, ती जवळपास होत असेल तर आधी तीच करा.

डॉक्टरांना हेही सांगा: नदीत छातीभर पाण्यात उतरल्यावर किंवा निंदताना वाकल्यावर दम लागतो का, सकाळी डोकं दुखतं का. मानेचं ऑपरेशन, मार, मानेवर-खांद्यावर नागीण झालेली असेल तर तेही. शुगरवर ठपका बाकी सगळं तपासून झाल्यावर.

घरी ऑक्सिजन मशीन कोणी सुचवली तर आधी एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी मागा. कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असला तर नुसत्या ऑक्सिजनने तो आणखी चढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. तिथं रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लागतं. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, तेही नसा खराब करतं कमी पडलं की.