एकही गोळी न बुडवता एमडीआर टीबी: माझा अनुभव

एमडीआर टीबी, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, झाला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. आशाताईनं विचारला, मावससासूनं विचारला, तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी तर कागदावरून मान वर न करता विचारला, "गोळ्या बुडवल्या होत्या का?" अहो, मला टीबीच पहिल्यांदा झाला होता. बुडवायला गोळ्या आणू कुठून? या प्रश्नाचा मला आजही राग येतो, म्हणून हे लिहिते आहे.

मी अंगणवाडी सेविका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात आमचं गाव. लग्नाआधी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले होते, त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी असा होईल असं वाटलं नव्हतं.

खोकला धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सुरू झाला. पावसाचा असेल म्हणून गावाजवळच्या खासगी दवाखान्यातून पाच दिवसांचा कोर्स आणला. बरं वाटलं, मग पुन्हा खोकला, पुन्हा तोच कोर्स. त्या पाकिटावर लिव्होफ्लॉक्सासिन लिहिलं होतं. ते ज्या गटातलं औषध आहे तो गट एमडीआर टीबीच्या उपचारात मोलाचा मानतात. नुसत्या खोकल्यावर ते दिलं की टीबी काही दिवस दबतो, निदान लांबतं, आणि जंतूला त्याही औषधाची सवय लागण्याची वाट मोकळी होते. आमच्याकडे हे औषध कांदे-बटाट्यासारखं मिळतं.

वजन उतरलं, संध्याकाळचा ताप जाईना, तेव्हा थुंकीची डबी हातात आली. इथे एक कामाची गोष्ट सांगते. डबीत लाळ द्यायची नसते, बेडका द्यायचा असतो. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, अंगणात मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकलून काढायचं. घरात, चारचौघांत डबी भरायची नाही. माझा पहिला नमुना पातळ निघाला म्हणून परत आला होता.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो, पण तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही हे दिसत नाही. ते ट्रूनॅटवर कळतं. गोव्यात बनणारं हे छोटं यंत्र बॅटरीवरही चालतं, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात ठेवता येतं. आधी एक चिप लावतात, ती टीबी आहे का ते सांगते. टीबी निघाला तर दुसरी चिप, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का हे बघायला. माझी दुसरी चिप लावून झाल्यावर तंत्रज्ञ ताईंनी क्षयरोगाच्या पर्यवेक्षकांना फोन लावला आणि मला बाहेर झाडाखाली बसायला सांगितलं. तेव्हाच समजलं.

पुढचा नमुना बर्फाच्या पेटीतून नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला, एलपीए चाचणीसाठी. ही जंतूच्या जनुकातले बदल पट्टीवर दाखवते. हा रिपोर्ट मी हट्टानं समजून घेतला. जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रातल्या तरुण डॉक्टर मॅडमनी मोबाइलवर अशा पट्टीचा फोटो दाखवला. बोटाएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर 27 जागा, काही ठिकाणी जांभळट रेघा. जंतूच्या जनुकाचा मूळ तुकडा असेल तर एका जागी रेघ उमटते. तो बदललेला असेल तर ती रेघ गायब होते, आणि बदल ओळखीचा असेल तर दुसऱ्या जागी उमटते. माझ्या जंतूत आरपीओबी आणि कॅटजी या दोन्ही जनुकांत बदल निघाला. पहिला बदल म्हणजे रिफॅम्पिसिन गेलं, दुसरा म्हणजे आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषध गेलं. ही दोन्ही गेली की त्याला एमडीआर म्हणतात.

बदल तरी केवढा? टीबीच्या जंतूचा जनुकसंच सुमारे 44 लाख अक्षरांचा आहे. आरपीओबीतल्या 450 क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदलतं आणि सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन येतं. तेवढ्यानं रिफॅम्पिसिनला चिकटायला जागा उरत नाही. बाकीचे बरेच जंतू आपसांत औषधरोधाची जनुकं देतात-घेतात, टीबीचा तसं करत नाही. त्याचा प्रत्येक रोध स्वतःच्या जनुकात चुकून झालेल्या बदलातून येतो. औषध अर्धवट पडलं की साधे जंतू मरतात आणि तो चुकार वाढतो. इथपर्यंत "गोळ्या बुडवल्या का" हा प्रश्न बरोबर आहे.

पण असा जंतू एकदा तयार झाला की तो खोकल्यातून पुढच्याकडे तयारच जातो. रोधामुळे तो दुबळा होतो आणि फार पसरत नाही, असा एक दिलासा पूर्वी द्यायचे. आता माहीत झालंय की आरपीओसीसारख्या शेजारच्या जनुकात आणखी बदल करून तो ती कमजोरी भरून काढतो. 2014 ते 2016 मध्ये देशभर सर्वेक्षण झालं होतं. त्यात आधी उपचार घेतलेल्यांत एमडीआर 11.6 टक्के निघाला आणि पहिल्यांदाच टीबी झालेल्यांत 2.84 टक्के. दुसरा आकडा लहान दिसतो, पण पहिल्यांदा टीबी होणारे संख्येनं कितीतरी जास्त असतात. म्हणजे माझ्यासारखे थोडे नाहीत.

मग माझ्याकडे तो आला कुठून? पर्यवेक्षकांनी विचारलं, "घरात कोणाला टीबी होता का?" घरात सगळे गप्प. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, गेल्या वर्षी वारले होते. ते दर हंगामाला टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जायचे. शेतातच ताडपत्रीची पालं, एकेका पालात दाटीवाटीनं झोपणं, हवा यायला जागा नाही. तिकडेच कुठल्या तरी दवाखान्यात त्यांचा उपचार सुरू झाला होता आणि टोळी दुसऱ्या शेतावर हलली की तो तुटायचा. शेवटचे महिने ते आमच्याच घरी, माजघरात होते.

जाऊबाईंनी पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली त्यांची फाइल काढली. देताना हात थरथरत होता. म्हणाल्या, "आमच्याच्यानंच झालं म्हणून रायले का सारे?"

फाइलमध्ये शेवटी शेवटी केलेला एलपीए रिपोर्ट होता. त्यातही आरपीओबी आणि कॅटजी, त्याच जागी बदल. सासूबाईंना तेवढं पुरे होतं. मला नव्हतं. मॅडमना विचारलं तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे दोन बदल एमडीआर रुग्णांत इतके सर्रास सापडतात की दोघांचे रिपोर्ट जुळले म्हणून जंतू एकाचाच, असं म्हणता येत नाही. खात्री हवी तर दोन्ही जंतूंचा पूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. हा जंतू फार सावकाश बदलतो, साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर. दोघांच्या जंतूंत पाच-बारा अक्षरांपेक्षा जास्त फरक नसेल तर संसर्ग अलीकडचा आणि जवळचा मानतात. तशी तपासणी आमची झाली नाही. भासऱ्यांकडूनच आला असेल, शक्यता दाट आहे. पण गोळ्या तुटल्यामुळे जंतू त्यांच्या छातीत बिघडला, की पालातल्या कुणाकडून त्यांनाही तयारच मिळाला, हे कोण सांगणार? मी जाऊबाईंना हे सगळं चुलीपाशी बसून सांगितलं. किती कळलं माहीत नाही, पण त्यानंतर त्या माझ्या ताटाला हात लावायला लागल्या. टीबी ताटवाटीनं पसरत नाही, हवेतून पसरतो, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

उपचाराच्या बाबतीत मी नशीबवान ठरले. पूर्वी एमडीआरला दीड-दोन वर्षं औषध, त्यात महिनोन्‌महिने सुया, काहींचं ऐकणंही जायचं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार गोळ्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. साधारण 26 आठवडे, सुई नाही. सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी, रक्त आणि ईसीजी, कारण यातल्या काही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. नागपूरहून मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या गटाचा रिपोर्ट यायचा होता, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. ते दोन कोर्स आठवत होते, लिव्होफ्लॉक्सासिनही त्याच गटातलं. पण ते जनुक शाबूत निघालं.

सोपं मात्र गेलं नाही. लिनेझोलिडनं तळपायांना मुंग्या आल्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. हिमोग्लोबिन उतरलं. लोहाची गोळी सुरू झाली, ती मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या वेळेला घ्यायची नाही, म्हणून गोळ्यांच्या वेळा भिंतीवर खडूनं लिहून ठेवल्या. मुंग्या सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस बदलून दिला. सांगायला लाजू नये, आणि मनानं गोळी बंदही करू नये. निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला 1000 रुपये खात्यात यायचे, पण आधार जुळत नव्हतं म्हणून पहिले उशिरा आले. ते अंडी आणि चण्यांत गेले.

अंगणवाडीचा विषय सगळ्यात अवघड. आया मुलं पाठवायच्या बंद झाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळ्या मुलांची तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही. घरातल्यांचे एक्सरे झाले. साध्या टीबीत घरच्यांना प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड देतात. माझ्या जंतूपुढे ते निकामी होतं, म्हणून आमच्यासाठी डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागला. रिपोर्टमधली ती कॅटजीची रेघ फक्त माझ्यापुरती नव्हती, ती अशी.

औषध संपलं, कल्चर, म्हणजे थुंकीतला जंतू वाढवून बघायची चाचणी, निगेटिव्ह आलं. आता दर सहा महिन्यांनी दोन वर्षं तपासणी आहे. यंदाची मिरचीची टोळी निघण्याआधी आशाताई आणि मी ठेकेदाराकडे गेलो. हातात धरायच्या एक्सरे मशीनचं शिबिर गावात लावून सगळ्यांची छाती बघून घ्यावी आणि ज्यांचा उपचार चालू आहे त्यांचा निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) घेऊन तिकडच्या दवाखान्याशी बोलून ठेवावं, एवढंच मागणं होतं. तो म्हणाला, "ताई, एक दिवस मोडला तर मजुरी कोण देईन?" शेवटी रविवारी संध्याकाळी तयार झाला. जाऊबाईंचा मोठा मुलगा या वर्षी पहिल्यांदा जातो आहे, रांगेत त्याचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं.