पिंगुळीचे ठाकर आदिवासी कला आंगण : चित्रकथेच्या घरी एक दिवस

सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाणारे बहुतेक प्रवासी मालवणचा किल्ला, तारकर्लीचा किनारा आणि सावंतवाडीचा राजवाडा पाहून परततात. कुडाळला लागूनच असलेल्या पिंगुळी गावातील गुढीपूर वाडीकडे वळण्याची आठवण त्यांतील फार थोड्यांना होते. आम्हीही या रस्त्याने अनेक वर्षे नुसते ये-जा करीत होतो. या खेपेला मात्र आईला सोबत घेऊन मुद्दाम पिंगुळीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आणि तेथील ठाकर आदिवासी कला आंगण हे छोटे संग्रहालय सावकाश पाहिले. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हा वृत्तांत जरा तपशिलाने लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठ्या शहरातील वस्तुसंग्रहालयाची कल्पना मनात धरून येथे जाऊ नये. ही एका कलावंत कुटुंबाच्या घराशेजारची जागा आहे. चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवीत गाऊन कथा सांगण्याची कला, आणि बाहुल्यांच्या खेळाची परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर करून हे संग्रहालय उभे केले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांनी पिंगुळीचे नाव प्रथमच ऐकले असेल. पण सन्मान येण्याच्या कितीतरी आधीपासून या गावातील ठाकर कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. गुरांच्या गोठ्यात आपल्या समाजाचा इतिहास मांडावा असे एखाद्या कलावंताला वाटते आणि तो ते करून दाखवतो, यापेक्षा आदराची गोष्ट मला तरी दुसरी ठाऊक नाही.

आत शिरल्यावर भिंतींवर चित्रकथीची चित्रे, टांगलेल्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्ये आणि ठाकर समाजाच्या नित्य वापरातील वस्तू दिसतात. ठाकरांच्या एकूण अकरा कलाप्रकारांची नावे येथे सांगतात. त्यांत चित्रकथी व दोन प्रकारच्या बाहुल्यांबरोबर पांगुळबैल, राधानृत्य, गोंधळ, पोवाडे, फुगड्या यांचाही समावेश होतो. पांगुळ हा शब्द ऐकताच आई थबकली. तिच्या लहानपणी पहाटेच्या अंधारात दारोदार गात येणारा पांगुळ तिने ऐकला होता. तो कोण होता, कोठून येत असे, हे तिला कधी कोणी सांगितले नव्हते. सत्तर वर्षांनंतर त्या आवाजाला एक गाव आणि एक समाज मिळाला. ती बराच वेळ त्याच कोपऱ्यात उभी होती, म्हणून आम्हीही घाई केली नाही.

चित्रकथीविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. चित्र दाखवीत कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात आला आहे, म्हणजे ही रीत किमान तेवढी जुनी आहे. महाराष्ट्रात या चित्रांना पैठण शैली असेही नाव पडले आहे आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. परंतु ही कला अजून प्रयोगाच्या रूपात जिवंत राहिली ती पिंगुळीत. सावंतवाडीच्या सावंत-भोसले संस्थानिकांनी या कलावंतांना आश्रय दिला आणि कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावच्या देवळात कथा लावायची याचे मान ठरवून दिले, असे येथे सांगतात. नवरात्रात देवळाच्या सभामंडपात चित्रकथेचा जागर करण्याची प्रथा त्यातूनच चालत आली आहे.

एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला येथे पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे एका पानाच्या दोन्ही बाजूंना प्रसंग येतो. एक जुने पान मला अगदी जवळून पाहता आले. लाल, पिवळा, हिरवा, काळा असे मोजकेच रंग होते. माणसे बाजूने रेखलेली, डोळा मात्र समोरून पाहावा तसा मोठा आणि टपोरा. दोन योद्धे एकमेकांना भिडलेले, मधल्या रिकाम्या जागेत बाणांची दाटी. चित्रापेक्षाही मला त्या पानाच्या खालच्या कोपऱ्याने धरून ठेवले. तेथे कागद तेलकट तपकिरी झाला होता आणि बोटाच्या आकाराचा एक डाग पडला होता. कथा सांगणारा ज्या जागी पान धरतो ती ही जागा. किती रात्री, किती देवळांत आणि किती जणांच्या हातांनी हा कोपरा धरला असेल याचा हिशोब करता येत नाही. पूर्वी काचेच्या पेटीत मी अशी चित्रे पाहिली होती, पण त्यांचे कोपरे चौकटीखाली झाकलेले होते.

चामड्याच्या बाहुल्या भिंतीवर टांगलेल्या असताना काळपट आणि काहीशा मलूल वाटतात. त्यांतील एक बाहुली खिडकीच्या उजेडासमोर धरून दाखवण्यात आली तेव्हा तेच चामडे मधासारखे उजळले आणि त्यावरील बारीक छिद्रांतून दागिन्यांची नक्षी उमटली. हा खेळ पडद्यामागे दिवा ठेवून करतात. पूर्वी तेलाचा दिवा असे आणि त्याची ज्योत हलली की सावलीही श्वास घेतल्यासारखी हलत असे, हे ऐकून विजेच्या दिव्याने काय गमावले ते लक्षात आले. कळसूत्री बाहुल्यांबद्दल मी येथे फार लिहीत नाही, कारण त्यांचा खेळ आम्हाला पाहता आला नाही, आणि न हलणारी बाहुली पाहून तिच्याविषयी मत देणे बरोबर होणार नाही.

आता या भेटीतील मुख्य गोष्ट. आम्ही आदल्या आठवड्यात दूरध्वनी करून चित्रकथेच्या छोट्या प्रयोगाची विनंती करून ठेवली होती आणि तसे केले नसते तर आमची भेट अर्धवटच राहिली असती. तिघेजण मांडी घालून बसले. एकाकडे वीणा, एकाकडे हुडूक हे लहान चर्मवाद्य, एकाकडे टाळ. समोर पोथी टेकवून उभी केली. आरंभी गणपतीचे चित्र आले, मग सरस्वतीचे, आणि नमन संपल्यावर अहिरावण-महिरावणाची कथा सुरू झाली. राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेले आहे आणि मारुती त्यांना शोधत निघाला आहे, एवढे आपल्या सर्वांना ठाऊक असते. परंतु पाताळाच्या दारावर मारुतीची त्याच्याच मुलाशी, मकरध्वजाशी, गाठ पडते तो प्रसंग ज्या रीतीने सांगितला गेला, त्याने आम्ही सारे पुढे सरकून बसलो. चित्रात बाप आणि मुलगा समोरासमोर उभे होते, दोघांचे डोळे सारखेच. गायकाने मारुतीचा प्रश्न चढ्या सुरात म्हटला, हुडुकाची एक थाप पडली, आणि मकरध्वजाचे उत्तर दुसऱ्याने जवळजवळ कुजबुजत दिले. मग पान खाली ठेवले गेले आणि दुसरे उभे राहिले. तेवढ्या एका हालचालीत कथा पाताळाच्या दारातून आत गेली होती.

आई हळूच म्हणाली, "ही चित्रां बोलतत रे." मला जे एवढ्या ओळींत सांगायचे आहे ते तिने चार शब्दांत सांगितले. ही चित्रे ऐकण्यासाठी काढलेली आहेत. भिंतीवर ती सुंदर दिसतात, पण त्यांचे निम्मे अंग आवाजात असते. म्हणून पिंगुळीला जाणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रहाचा सल्ला असा, की संग्रहालय पाहायला जाऊ नका, कथा ऐकायला जा, आणि कथेच्या आधी व नंतर संग्रहालय पाहा. प्रयोगासाठी निदान चार-पाच दिवस आधी संपर्क साधावा, आपण किती जण आहोत ते सांगावे आणि मानधन किती द्यायचे ते त्याच वेळी विचारून घ्यावे. तेथे पोचल्यावर घासाघीस करू नये. प्रयोगासाठी कलावंत आपली इतर कामे बाजूला ठेवून येतात, कोणी शेतातून, कोणी नोकरीवरून. आमच्याबरोबर त्याच वेळी आलेले एक कुटुंब प्रयोगाच्या मध्येच उठून किनाऱ्याकडे निघून गेले. कलावंत गात राहिले, पण त्या वेळी मला फार वाईट वाटले. वेळ नसेल तर आधीच सांगून लहान प्रसंग ठरवता येतो.

ठाकर समाजाच्या सामाजिक इतिहासाबद्दलही येथे समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ठाकरांनी शिवाजी महाराजांच्या काळात खेळ करीत फिरताना हेरगिरी केली आणि त्यासाठी आपली स्वतंत्र सांकेतिक बोली वापरली, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे, आणि ती येथे अभिमानाने सांगितली जाते. त्याहून अलीकडचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटला. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकर ही नोंद असली तरी 1976 पर्यंत ती राज्याच्या ठरावीक भागांपुरतीच लागू होती. क्षेत्राची ती अट त्या वर्षीच्या कायद्याने निघाली, तरीही सिंधुदुर्गातील ठाकरांना जातीचा दाखला वैध ठरवून घेण्यासाठी पुढेही झगडावे लागले. आपण कोण आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागणाऱ्या समाजाने आपली चित्रे, वाद्ये, बाहुल्या आणि घरातील भांडी एका छपराखाली मांडून ठेवणे, याचा अर्थ त्या संदर्भात ध्यानात घ्यावा. या विषयावर तेथील ज्येष्ठांशी बोलण्याची इच्छा असेल तर आधी निवांत बसावे आणि नंतर विचारावे. आमच्याशी ते मोकळेपणाने बोलले.

जाण्याची सोय अवघड नाही. कोकण रेल्वेने कुडाळ स्थानकावर उतरावे. कोकणकन्या, तुतारी, मांडवी या मुंबईकडून येणाऱ्या गाड्या तेथे थांबतात. सणासुदीच्या दिवसांत, विशेषतः गणपती आणि मे महिन्यात, आरक्षण फार आधी करावे लागते. स्थानकावरून किंवा कुडाळच्या एस.टी. स्थानकावरून रिक्षा मिळते आणि गाव जवळच असल्यामुळे फारसा वेळ लागत नाही. रिक्षावाल्याला नुसते पिंगुळी सांगितले तर तो बहुधा राऊळ महाराजांच्या मठाकडे नेईल, कारण बाहेरून येणारे बहुतेक भाविक तेथेच जातात. म्हणून गुढीपूर आणि बाहुल्यांचे संग्रहालय असे दोन्ही शब्द सांगावेत. परतीसाठी त्याच रिक्षाला वेळ ठरवून बोलवावे. स्वतःच्या वाहनाने मुंबई–गोवा महामार्गाने येणाऱ्यांना हे ठिकाण वाटेवरच पडते. विमानाने येणाऱ्यांसाठी चिपीचा विमानतळ जिल्ह्यातच आहे, मात्र तेथील उड्डाणांचे वेळापत्रक बदलत असल्याने ते आधी पाहून घ्यावे.

ऋतूचा विचार जरूर करावा. पावसाळ्यात कोकण सुंदर असते, पण कागद आणि चामडे या दोहोंनाही ती हवा सोसत नाही, त्यामुळे जुन्या वस्तू त्या दिवसांत हाताळून दाखवण्याची अपेक्षा धरू नये. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. नवरात्रात गेल्यास एखाद्या देवळात चालू असलेला जागर पाहण्याची संधी मिळू शकते, परंतु तो देवाचा कार्यक्रम असतो हे लक्षात ठेवून मागे बसावे आणि छायाचित्रे विचारूनच काढावीत. संग्रहालयातही प्रकाशझोत टाकून जुन्या पोथ्यांचे छायाचित्र घेणे टाळावे, कारण त्या रंगांना एवढा उजेड मानवत नाही. वृद्ध माणसे बरोबर असतील तर सकाळची वेळ घ्यावी. जमिनीवर बसून प्रयोग ऐकायचा असल्याने आईसाठी आम्ही एक लहान खुर्ची मागितली आणि ती लगेच मिळाली. दिवसाचा उरलेला भाग सावंतवाडीत घालवता येतो. तेथील राजवाड्यात दशावतारी गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात आणि दहा रंगांच्या बारा-बारा पानांचा, म्हणजे 120 पानांचा, तो संच पाहताना पिंगुळीच्या चित्रांशी असलेले आश्रयाचे नाते आपोआप जाणवते.

निघताना चित्र विकत घ्यावे असे मी सुचवीन. तेथे लहान-मोठ्या आकाराची नवी चित्रे मिळतात, बाहुल्याही मिळतात आणि त्यांतून येणारा पैसा थेट कलावंतांच्या घरात जातो. चित्र घडी न घालता न्यायचे असते, म्हणून घरून जाड पुठ्ठ्याची नळी किंवा दोन पुठ्ठे नेलेले बरे. आम्ही ते नेले नव्हते. चित्र गुंडाळून देण्यासाठी तेथील बाईंनी जुने वर्तमानपत्र आणि एक बांबूची कामटी शोधून आणली आणि ते सुखरूप घरी पोचले. आम्ही घेतलेल्या चित्रात मारुती आणि मकरध्वज समोरासमोर उभे आहेत. आईने ते बैठकीच्या खोलीत लावले आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते नुसते दाखवीत नाही. त्यांना समोर बसवते आणि आठवेल तेवढी कथा सांगते.