मेंटारवरची धडक आणि स्कॅटर पॅकचा प्रश्न: सन 2431 पर्यंतचा अहवाल

मास्टर ऑफ ओरायन या अंतराळ-साम्राज्याच्या संगणक खेळात मेंटारवर, म्हणजे सायलॉन वंशाच्या मूळ ग्रहावर, मी पाठवलेल्या बॉम्बर ताफ्यापैकी जेमतेम एक तृतीयांश जहाजे परत आली, आणि सायलॉनांचा एकही क्षेपणास्त्र तळ पडला नाही. मागच्या अहवालात ज्या मोहिमेच्या भरवशावर मी सम्राट निवडणाऱ्या 2450 च्या परिषदेचे गणित मांडले होते ती मोहीम एका लढाईत संपली, आणि म्हणून हा अहवाल ठरलेल्या वेळेच्या आधी लिहीत आहे. आपल्या या सामायिक फेरीत डारलॉक हा हेरगिरीत निपुण वंश घेऊन जहाजांच्या सर्वांत लहान सांगाड्यांवरच लढणाऱ्या इतरांनाही आज ना उद्या हाच प्रश्न पडणार असल्याने तो तपशिलाने मांडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. वसाहत जहाजांचा अपवाद वगळता लहान सांगाड्याखेरीज काहीही बांधायचे नाही, जुनी सेव्ह उघडून मागे जायचे नाही, आणि परिषदेने निवडलेला सम्राट मान्य करायचा, हे आपले तिन्ही नियम मी पाळत आहे. वसाहत जहाजांना सूट द्यावीच लागली, कारण वसाहतीचा संच 700 जागा घेतो आणि लहान सांगाड्यात मूळ जागाच 40 असते. साक्रा या शत्रू वंशाचा निकाल मागेच लागला. 2425 च्या मतदानात एकूण 60 मते होती, म्हणजे निवडीसाठी दोन तृतीयांश, 40 हवीत. त्यांपैकी सायलॉनांना स्वतःची 22, बुलराथींची 8 आणि मेक्लारांची 7 अशी 37 मते पडली. क्लॅकॉनांनी आपली 10 मते कोणालाच दिली नाहीत म्हणून खेळ चालू राहिला. माझी 13 मते एक तृतीयांशाच्या खाली असल्याने मला एकट्याला ती निवड अडवता येत नाही. मते लोकसंख्येनुसार मिळतात, म्हणून 2450 पूर्वी सायलॉनांची लोकसंख्या कमी करणे किंवा माझी वाढवणे अपरिहार्य आहे, आणि मेंटार जिंकल्यास ही दोन्ही कामे एकदम होतात.

आता मूळ प्रश्न. साक्रांविरुद्ध लहान बॉम्बरांची टोळधाड इतकी परिणामकारक ठरली त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे: या खेळात एक क्षेपणास्त्र स्टॅकमधले, म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांच्या गटातले, फार तर एकच जहाज पाडते, उरलेला मारा वाया जातो. हायपर-एक्स रॉकेट 8 चा मारा करते, पण समोरचा सांगाडा टिकाऊपणाच्या 6 गुणांचा असला तर वरचे 2 कोणाच्याच अंगावर जात नाहीत. त्यामुळे शंभर स्वस्त जहाजे ही एका महागड्या जहाजापेक्षा तळांसमोर कितीतरी जास्त टिकतात, आणि या फेरीचा नियम सुरुवातीला जाचक न वाटता उलट सोयीचाच वाटू लागतो. स्कॅटर पॅक व्ही हा क्षेपणास्त्रांचा प्रकार नेमका याच गणितावर घाव घालतो. त्याचे प्रत्येक क्षेपणास्त्र पाच भागांत फुटते, प्रत्येक भाग 6 चा मारा करतो, आणि झोर्ट्रियम चिलखताच्या लहान सांगाड्याचे गुण नेमके 6 असतात. एका क्षेपणास्त्रामागे एकाऐवजी पाच जहाजे जाऊ शकतात.

सायलॉनांनी हे तंत्रज्ञान मिळवल्याचे हेरांच्या अहवालात दिसले तेव्हा ताफा वाटेत होता. हायपरस्पेस कम्युनिकेशन्स हे तंत्रज्ञान हाती नसल्याने निघालेला ताफा वळवता येत नाही, म्हणून तो मेंटारला पोहोचणारच होता. लढाईत शिरताक्षणी माघार घेण्याऐवजी एक फेरी बॉम्बफेक करून मगच परतायचे मी ठरवले, कारण मेंटारच्या ढालीची नेमकी ताकद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढचा आराखडा करता येत नव्हता. ती माहिती मिळाली. बॉम्बर ग्रहाला भिडेपर्यंत दोन वेळा मारा झाला, स्टॅकवरचा आकडा प्रत्येक वेळी मोठ्या उडीने खाली आला, आणि उरलेल्यांनी टाकलेल्या फ्यूजन बॉम्बांपैकी बहुतेकांचा परिणाम शून्य निघाला.

शून्याचे कारण सरळ आहे. मेंटारवर प्लॅनेटरी शील्ड एक्स आहे आणि त्यांच्याकडे तिसऱ्या वर्गाची डिफ्लेक्टर ढाल आहे. तळांसाठी या दोहोंची बेरीज होते, म्हणजे 13. न्यूक्लिअर बॉम्बचा कमाल मारा 12 असल्याने तो आता निरुपयोगी आहे. फ्यूजन बॉम्ब 5 ते 20 मारतो, म्हणजे 13 च्या वर गेलेला भागच आत पोहोचतो आणि तो फार तर 7 असतो. अँटीमॅटर बॉम्ब 10 ते 40 मारतो, त्याचे 27 पर्यंत आत जाऊ शकतात, परंतु माझ्या शस्त्रशाखेत या खेळापुरता अँटीमॅटर बॉम्ब आलेलाच नाही.

एकाच वेळी दोन गोष्टी हव्या आहेत, जगण्याची शक्यता आणि भेदनक्षमता, आणि दोन्ही त्याच तुटपुंज्या जागेतून काढायच्या आहेत. आराखड्याच्या पडद्यावर बराच वेळ घालवल्यानंतर चित्र असे दिसते. सध्याच्या बॉम्बरमध्ये एक फ्यूजन बॉम्ब, झोर्ट्रियम चिलखत आणि सब-लाइट इंजिन आहे. ढाल नाही, क्षेपणास्त्रांचा नेम बिघडवणारा जॅमर नाही. तिसऱ्या वर्गाची ढाल बसवली तर स्कॅटर पॅकच्या भागाचा मारा 6 वरून 3 होतो आणि प्रत्येक जहाज पाडायला एकाऐवजी दोन भाग लागतात. म्हणजे ताफा दुप्पट केल्यासारखेच झाले. परंतु माझी ढालींची शाखा मागे असल्यामुळे त्या ढालीचा आकार अजून पुरेसा घटलेला नाही आणि ती बसवली की बॉम्बच बसत नाही. इंजिनाची चपळता एका पातळीने उतरवली तर जागा निघते, मात्र मग ग्रहापर्यंत पोहोचायला एक चाल जास्त लागते आणि त्या चालीत आणखी एक मारा अंगावर येतो. ढालीने जे वाचवले ते या जादा माऱ्यात जाते, हे मी कागदावर निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिले आणि दर वेळी उत्तर जवळपास तेच आले.

जॅमरचे मात्र वेगळे आहे, आणि इथे डारलॉक असण्याचा फायदा प्रथमच जहाजबांधणीत मिळाला. संगणक शाखेत आपण पुढे असल्याने ईसीएम जॅमर 2 आता इतका आक्रसला आहे की बॉम्ब आणि सध्याचे इंजिन ठेवूनही तो बसतो. नेमाचे सूत्र आठवा: पातळ्या समान असतील तर 50 टक्के, आणि पुढे प्रत्येक पातळीच्या फरकाला 10 टक्के. सायलॉनांची नेमपातळी 4 धरली आणि माझ्या बॉम्बरची बचावपातळी चपळतेची 3 अधिक लहान सांगाड्याची 2 अशी 5 धरली, तर त्यांचा नेम 40 टक्के लागतो. जॅमर 2 बसवल्यावर बचाव 7 होतो आणि नेम 20 टक्क्यांवर येतो. नुकसान निम्मे, चपळता कायम, बॉम्ब कायम. ज्यांची संगणक शाखा पुढे आहे अशा प्रत्येकाने ढालीमागे न लागता आधी जॅमर बसवून पाहावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ढालींचे संशोधन मी आता केवळ वसाहतींच्या रक्षणापुरते चालू ठेवले आहे.

या सगळ्या काळात एक गोष्ट मनासारखी झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सायलॉनांची व्हॉलँटिस ही वसाहत तेजोमेघात आहे. तेजोमेघात ढाली चालत नाहीत, प्लॅनेटरी शील्डही तिथे उभारता येत नाही, म्हणून तिथल्या तळांपुढे मोडीत काढायच्या यादीतले जुने न्यूक्लिअर बॉम्बर पुरेसे ठरले. तेजोमेघात प्रत्येक जहाज वार्प 1 या सर्वांत कमी वेगानेच सरकते, त्यामुळे वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागली. पण ताफा आणि सैन्यवाहू जहाजे एकाच वर्षी पोहोचतील असे बेतले होते आणि तसेच घडले. तळ पडले, त्याच टर्नला सैन्य उतरले, आणि हाती लागलेल्या कारखान्यांतून रोबोटिक कंट्रोल्स 3 मिळाले! माझ्या संगणक संशोधनाच्या वाटेवर ते अद्याप आले नव्हते. माणशी दोन कारखान्यांऐवजी तीन चालवता येऊ लागल्याने माझ्या नाझिन या मूळ ग्रहाचा उद्योग स्लायडर पुन्हा उजवीकडे सरकवला आहे. जुन्या कारखान्यांच्या नूतनीकरणाचा खर्च पडतो खरा, पण तेजोमेघातल्या एका लहानशा वसाहतीने इतके द्यावे यापरते समाधान या फेरीत अजून लाभलेले नाही. ज्यांच्या शेजारी तेजोमेघातली शत्रूवसाहत आहे त्यांनी ती आधी घ्यावी.

साधनांविषयी दोन शब्द. मी ही फेरी मूळ 1.3 आवृत्तीवर, डॉसबॉक्स या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये खेळत आहे. 1ऊम हे मुक्तस्रोत इंजिन उत्तम काम आहे आणि त्याला मूळ खेळाच्याच फाइली लागत असल्याने खेळाचा चेहराही तोच राहतो, परंतु सर्वांची तुलना एकाच सेव्हवरून होणार असेल तर सर्वांनी मूळ इंजिनच वापरावे, असे मला वाटते. लढाईतल्या बारीक फरकांवरून पुढे वाद नकोत. नुकसानीच्या गणितासाठी साधी स्प्रेडशीट पुरते. नेमाची पातळी एका रकान्यात, ढाल दुसऱ्यात, सांगाड्याचे गुण तिसऱ्यात, एवढ्यावर वरचे सर्व निष्कर्ष निघाले आहेत.

इथपर्यंत लिहीत असताना माझी योजना अशी होती की मेक्लारांकडून अँटीमॅटर बॉम्ब चोरायचा, शस्त्रशाखा पुढे नेऊन तो लहान सांगाड्यात मावेल इतका आक्रसू द्यायचा आणि मग पुन्हा मेंटारवर जायचे. परंतु वरचे आकडे मांडताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली: ढाल 13 ची असो वा 20 ची, ती तळांना वाचवते. उतरणाऱ्या सैन्याला ढाल अडवत नाही, त्याला अडवतात ते तळ. आणि तळ पाडायला बॉम्बच लागतो असे नाही. हेरांना घातपाताचे काम दिले आणि ते यशस्वी झाले, तर कारखाने उडवणे, तळ उडवणे किंवा बंडाला चिथावणी देणे यांपैकी एक निवडता येते. आपण डारलॉक आहोत. हेरगिरीत आपल्या तोडीचे या आकाशगंगेत कोणी नाही. ही फेरी मी आतापर्यंत तंत्रज्ञान चोरण्यापुरतीच हेरांच्या जोरावर खेळत आलो, आणि साक्रांसमोर ते पुरेसे होते. मेंटारसमोर हेरांनाच पहिल्या फळीत ठेवण्याची वेळ आली आहे.

त्यामुळे योजना बदलतो. एका वंशाविरुद्ध हेरांना एका वेळी एकच काम देता येते, तेव्हा सायलॉनांकडून होणारी चोरी आजपासून थांबवून तिथले सर्व हेर घातपातावर लावले आहेत आणि त्यांचा निधी वाढवला आहे. युद्ध चालूच असल्याने संबंध आणखी बिघडण्याची चिंता नाही. प्रत्येक यशात मेंटारचे तळच निवडायचे, कारखान्यांना हात लावायचा नाही, कारण ते कारखाने मला धडधाकट हवे आहेत. जितके जास्त कारखाने हाती लागतील तितकी तंत्रज्ञान मिळण्याची संधी जास्त. तळ निम्मे झाले की स्कॅटर पॅकचा मारा निम्मा होतो, जॅमरने तो पुन्हा निम्मा होतो, म्हणजे गेल्या वेळच्या चौथ्या हिश्श्याइतक्या नुकसानीत फ्यूजन बॉम्बर ग्रहाला भिडतील. फ्यूजनचे कमाल 7 गुण थोड्या तळांसाठी पुरतील, असा माझा हिशेब आहे, आणि अँटीमॅटरच्या मागे धावण्याची गरज बहुधा उरणार नाही. मेक्लारांशी त्यामुळे बरे संबंध ठेवता येतील, आणि त्यांची 7 मते सायलॉनांपासून फोडण्याचा प्रयत्नही करता येईल.

अडचण वेळेची आहे. सायलॉन पडलेले तळ पुन्हा उभारतील आणि मेंटारचे उत्पादन भरपूर आहे. म्हणून हेरांचे पहिले यश दिसल्यावर ताफा सोडायचा ही पद्धत चालणार नाही. ताफा आधीच माझ्या रोटन या वसाहतीला जमवून ठेवावा लागेल. व्हॉलँटिस मेंटारला जवळ आहे, पण तेजोमेघातून वार्प 1 ने निघणारे सैन्य वेळेवर पोहोचणार नाही, म्हणून सैन्यवाहू जहाजेही रोटनहूनच निघतील. रोटनची लोकसंख्या त्यासाठी आतापासून वाढवायची आहे आणि तिथला पर्यावरण स्लायडर या टर्नपासून वर नेला आहे.

जहाजांच्या सहा आराखड्यांपैकी एक जागा मोकळी करून जॅमर असलेला नवा बॉम्बर त्यात टाकला आहे. जुने न्यूक्लिअर बॉम्बर मोडीत न काढता वेगळ्या स्टॅकमध्ये सोबत नेण्याचा विचार आहे. मेंटारवर त्यांच्या बॉम्बांचा उपयोग नाही, पण तळांनी त्यांच्यावर एक जरी मारा खर्च केला तरी नव्या बॉम्बरांना तेवढी चाल मिळते. तळ लक्ष्य कसे निवडतात याची नोंद कोणी आपल्या खेळात ठेवली असेल, तर ती 2440 पूर्वी मला हवी आहे. त्या सुमारास ताफा रोटनहून निघेल, आणि एकदा निघाला की तो परत बोलावता येणार नाही.